चार बोटं

बाबांनी ट्रॅक्टरला रबरी टायर लावले
ते कुणाचा जीव वाचवायला नव्हे.
तशी गोष्ट मी पुढे लोकांना रचून सांगितली आहे,
साप, रात्र, चिखल, तापलेलं पोर,
पण खरं एवढंच की त्यांची पाठ दुखायची.
लोखंडी चाकांवरची पंचवीस वर्षं
एकेका मणक्यात घर करून बसली होती.

आमच्या वसाहतीत चाक लोखंडाचंच हवं.
रबर भराभर शहरात पोचतं
आणि शहरात पोचलेला माणूस परतत नाही,
असं एल्डर क्लासन सांगत.
ते खोटं सांगत नव्हते.
त्यांचा थोरला सांता क्रूझला गेला तो गेलाच.
त्याची टोपी अजून त्यांच्या खुंटीला आहे.

रविवारी उपासना संपल्यावर
बायकामुलांना बाहेर काढून पुरुषांनी ठरवलं:
डिर्क फेअरच्या हातून कुणी काही घेणार नाही,
त्याच्या मेजावर कुणी जेवणार नाही,
त्याला पश्चात्ताप होईपर्यंत.
मग आईला आत बोलावलं.
ऐकलंस ना, आगानेटा?
ती म्हणाली, ऐकलं.

घरी आल्यावर तिने गोठ्यातलं
दूध गाळायचं टेबल उचललं,
घासलं, उन्हात उभं केलं,
आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात
मोठ्या टेबलाकडे सरकवत आणलं.
थांबली.
दोहोंच्या मध्ये हात घालून मोजलं:
चार बोटं.
अंतर किती, ते कुणी बोललेलं नाही, म्हणाली.
स्वतःशीच.

बाबा एकटे तिकडे. आम्ही सात जण इकडे.
पावाची लांब फळी तिने आडवी ठेवली,
अर्धी त्यांच्या टेबलावर, अर्धी आमच्या,
मधल्या फटीवरून,
ओढ्यावर ओंडका टाकावा तशी.
सुरी आमच्या बाजूला.
बाबांनी स्वतःचा तुकडा स्वतः उचलला.
कुणाच्या हातून काही गेलं नाही,
कुणाच्या हातात काही आलं नाही.

जेवणाआधीची प्रार्थना आमच्यात मुकी असते.
नऊ डोकी खाली.
कुठली कुठल्या टेबलावरून निघाली
हे वर कुणी विचारत असेल
असं मला तेव्हाही वाटलं नाही.

नऊ म्हणते आहे, कारण त्या रात्री
एल्डर क्लासन दारात उभे होते.
तपासायलाच आले होते.
वाकले, फटीत बोटं घातली,
एक, दोन, तीन, चार,
माझी धाकटी बहीण मोठ्याने मोजत होती,
तिला तो खेळ वाटला.
अंतर आहे, ते म्हणाले.
फळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
फळीबद्दल नियम नव्हता,
आणि एक करायला त्यांना
तेवढ्यात तोंड उघडावं लागलं असतं.

निघताना, चौकटीकडे तोंड करून,
कारण बाबांशी बोलायची त्यांनाच बंदी,
चौकटीला विचारलं:
पाठ कशी आहे?
बाबांनी पावाला सांगितलं:
आता बरी आहे.

टायर पुढे काढले की राहिले,
बाबा गुडघ्यावर गेले की नाही,
हे लोक मला नेहमी विचारतात.
सांगत नाही मी.
मी आता शहरात असते. रबराने पोचले.
इथल्या चर्चमध्ये गिटार आहे, कॉफी आहे,
आणि कोणी कुणाजवळ बसावं याचे
न लिहिलेले नियम पुष्कळ आहेत.

मी बसते तेव्हा शेजारच्या खुर्चीपर्यंत
हात सरकवून बघते.
चार बोटं.
मग पिशवीतून पाव काढते,
मधोमध ठेवते.
चुरा खाली पडतो तो पडू देते.
आमच्या फटीतला चुरा मुंग्या न्यायच्या,
दोन्ही बाजूंचा, एकाच रांगेत,
आणि आईने ती फट
कधीच झाडली नाही.